पाणसळ

आविलेस गल्लीतल्या सात गॅलऱ्यांच्या भिंती
माझ्या हाताखालून गेल्यात.
चित्रं दुसऱ्यांची, सह्या दुसऱ्यांच्या,
खिळे तेवढे माझे.

इथल्या जुन्या भिंती विटांच्या नाहीत, शिंपल्यांच्या आहेत.
समुद्रानं चावून चावून थुंकलेला दगड,
कोकीना म्हणतात त्याला.
स्पॅनिश लोकांनी तो समोरच्या बेटावरून आणला,
म्हणजे आणवला. वाहणारे वेगळेच होते.
ड्रिल लावलं की पिठासारखी भुकटी गळते
आणि एसीच्या खोलीत
क्षणभर भरतीचा वास येतो.
मेरीबेथ म्हणते, आधी झाडून घे,
सहाला लोक यायला लागतील.

महिन्याचा पहिला शुक्रवार.
सगळ्या गॅलऱ्यांची दारं सताड.
प्लास्टिकच्या पेल्यांत सांग्रिया, चीजचे चौकोन,
नवे बूट चावत असलेले पर्यटक
चित्रापासून मागे मागे सरकतात,
डोळे बारीक करतात,
आणि बायकोला विचारतात, सोफ्यावर शोभेल ना?

ओतिली पॅसेटी याच गर्दीत येते.
वय विचारलं तर म्हणते,
कोणत्या वादळापासून मोजू?
पर्समध्ये कागदी रुमाल, चीज त्यात जातं, राजरोस.
दर वेळी एकाच चित्राची किंमत विचारते,
ऐकते, "बरं" म्हणते,
जणू मासळीचा भाव ऐकला.

चित्र याच गल्लीचं, ड्वाइटनं काढलेलं.
कोवळं ऊन, लाकडी सज्जे, बोगनवेल, निळं दार.
माणूस एकही नाही.
"पहाटे उठून काढतोस,
की लोकांना आत जायला सांगतोस?"
ड्वाइट हसला. मग हसायचा थांबला.

मग ती माझ्याकडे वळली. पोरा, हे जरा उतरव.
मी मेरीबेथकडे बघितलं.
ती कार्डाच्या मशीनशी झगडत होती.
उतरवलं.

मागे पांढरी भिंत.
म्हातारीनं तळहात फिरवला, ओटा पुसावा तसा.
कमरेपासून मोजत वर गेली,
एक वीत, दोन विती, अडीच,
थांबली.
"खाली आमचा स्टो होता, रॉकेलचा.
आणि इथे आकडा. बापाचं जाळं टांगायचा.
मालकानं घर विकलं तेव्हा आकडा नेला आम्ही.
भोक कसं नेणार?"

भोक मी बुजवलं होतं. मार्चमध्ये.
लांबी भरून, घासून, वर दोन हात रंग.
इतकं सफाईदार
की माझं मलाच कौतुक वाटलं होतं.

काही बोललो नाही.
खिशातला स्क्रू ड्रायव्हर तिच्यापुढे धरला.
"माझी बोटं वाकडी झालीत," ती म्हणाली, "तूच कर."

खरवडलं. लांबी निघाली, मागोमाग रंगाचे पापुद्रे,
गुलाबी, हिरवा, परत हिरवा,
मग शिंपल्यांचा चुरा, ओलसर.
तिनं करंगळी घातली.
पहिल्या पेरापर्यंत गेली.
एव्हाना चौघे-पाचजण जमले होते.
एकानं पेला सावरत विचारलं,
हा कलाकृतीचा भाग आहे का?
"हो," ओतिली म्हणाली, "पण विकायचा नाही."

जाताना मला बजावलं,
परत बुजवू नकोस.
रिकामंही ठेवू नकोस, मुंग्या होतात.

रात्री पेले गोळा करून झाल्यावर
मी त्या भोकात जाड आकडा बसवला
आणि ड्वाइटची रिकामी गल्ली त्यावर टांगली.
शेजारच्या चित्रांपेक्षा चार बोटं खाली आली.
पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध.
चित्र सरळच होतं,
फक्त ओळीत नव्हतं.

सकाळी मेरीबेथ दारातूनच म्हणाली,
हे खाली का आलंय?
म्हटलं, भिंत जुनी आहे.
तिनं लांबून बघितलं, जवळ जाऊन बघितलं,
आणि दिवे लावायला गेली.